मुद्राराक्षस आणि मोडेम

छापखान्याशीं ज्याचा थोडाबहुत संबंध आला आहे, त्याला मुद्राराक्षस या गृहस्थाची ओळख करून देण्याचें कारण नाहीं. लग्नपत्रिकेंत ‘वधूस आशीर्वाद’ असें लिहून द्यावें आणि छापून यावें ‘वधास आशीर्वाद’, ही त्याची नेहमींची थट्टा. वाचक हंसतो, संपादक पुढील अंकांत शुद्धिपत्र देतो, आणि प्रकरण मिटतें. तें मिटतें, कारण वाचणारा मनुष्य असतो. संदर्भ ठाऊक असल्यामुळें चुकलेल्या अक्षरामागें दडलेला शब्द तो मनांतल्या मनांत दुरुस्त करून घेतो.

परंतु वाचणारा केवळ हुकमाचा ताबेदार असेल तर? ‘ध’चा ‘मा’ झाल्याची आख्यायिका आपल्याकडे लहान मुलांनाही ठाऊक आहे. ‘धरावें’च्या जागीं ‘मारावें’ झालें आणि १७७३ सालीं शनिवारवाड्यांत नारायणराव पेशव्यांचा प्राण गेला, असें ती सांगते. तिची ऐतिहासिक सत्यता कांहीं असो. जो अक्षर पाहून हुकूम बजावतो, त्याच्या हातीं चुकीचें अक्षर देणें धोक्याचें, हें तिचें मर्म खरें आहे. आणि संगणकाइतका अक्षरनिष्ठ ताबेदार दुसरा सांपडणें कठीण.

मुद्राराक्षसाची अशीच एक लीला गेल्या दिवाळींत आमच्या घरीं पाहावयास मिळाली. ती वाचकांस सांगावीशी वाटते, कारण तिचा शेवट नुसत्या तक्रारींत न होतां एका लहानशा लोकोपयोगी कामांत झाला.

गप्प बसलेला मोडेम

आमच्या मातोश्री कोंकणांतील जुन्या घरीं राहतात. वय ऐंशीच्या पुढें. परंतु आपली बाग व आपलें माजघर सोडून शहरांत यावयास त्या तयार नाहींत. घर डोंगराच्या कुशींत. इंटरनेटची तार वाडीपर्यंत आलेली नाहीं आणि घरांत मोबाईलला रेंज मिळत नाहीं. छपरावर उंच अँटेना बांधली तर मात्र मिळते. म्हणून माझ्या पुतण्यानें एक लहानसा संगणक व सिमकार्ड घालावयाचा मोडेम तेथें नेऊन बसविण्याचें ठरविलें. हेतु एवढाच, कीं रोज सायंकाळीं आजीला नातवंडांचीं तोंडें दिसावीं आणि आम्हां सर्वांना तिची खुशाली कळावी.

मोडेम म्हणजे संगणकाचे अंक तारेवरून अगर हवेंतून जाण्याजोग्या लहरींत बदलणारें, व आलेल्या लहरींचे पुन्हां अंक करणारें यंत्र. १५ ऑगस्ट १९९५ रोजीं विदेश संचार निगमानें आपल्या देशांत सर्वसामान्यांस इंटरनेट खुलें केलें. त्यानंतरच्या वर्षांत ज्यांच्या घरीं तें दूरध्वनीच्या तारेवरून आलें, त्यांना या यंत्राची ती किंचाळी अजून आठवत असेल. अमेरिकेंतील हेस कंपनीनें १९८१ सालीं काढलेल्या ‘स्मार्टमोडेम’पासून या यंत्रांना हुकूम देण्याची एक रीत रूढ झाली. हुकुमाच्या आरंभीं ‘ए-टी’ हीं अक्षरें लिहावयाचीं. ‘अटेन्शन’, म्हणजे ‘सावधान’, या शब्दाचा हा संक्षेप. त्यापुढें क्रमांक फिरविण्याची खूण व क्रमांक. तारेचे मोडेम बहुतेक घरांतून अडगळींत गेले, परंतु मोबाईलच्या मोडेमांत ही ‘ए-टी’ची भाषा अद्यापि जिवंत आहे.

मोडेमशीं हें संभाषण मनुष्याच्या वतीनें करण्याकरितां यूनिक्स पद्धतीच्या संगणकांवर ‘चॅट’ नांवाचा एक छोटा प्रोग्रॅम असतो. त्याला जें टिपण द्यावयाचें, तें जोडीजोडीनें लिहितात: अमुक ऐकूं येईपर्यंत थांब, मग तमुक बोल. ‘ओके’ ऐकूं आलें, कीं क्रमांक फिरव. ‘कनेक्ट’ ऐकूं आलें, कीं पुढें जा. ‘बिझी’ ऐकूं आलें, तर काम सोडून दे. दुसरी मुदत सांगितली नसल्यास चॅट ४५ सेकंद वाट पाहतो, आणि अपेक्षित शब्द न आल्यास हार मानून परत येतो.

या टिपणांत एक मौजेची चाल आहे. पूर्वीं पलीकडच्या संगणकाकडून ‘लॉगिन’ हा शब्द येत असे. परंतु पहिलें अक्षर तारेवर बिघडण्याचा संभव असे, आणि मग पुरा शब्द कधींच ओळखूं येत नसे. म्हणून जाणते लोक पहिलें अक्षर सोडून नुसत्या ‘ऑगिन’ची वाट पाहात; आणि ‘पासवर्ड’ऐवजीं ‘सवर्ड’ची! ही युक्ति यूनिक्स संगणकांमधील १९७० च्या दशकांतल्या जुन्या टपालपद्धतीपासून चालत आली आहे. म्हणजे अक्षर गळण्याचें भय या मंडळींना प्रथमपासून होतें. तारेवर गळणाऱ्या अक्षराची तरतूद त्यांनीं केली. माहितीच्या पानावर गळणाऱ्या अक्षराची मात्र राहून गेली.

पुतण्यानें त्या लहान संगणकांतच ठेवलेलें चॅटचें माहितीपान उघडलें. दुसरा आधार नव्हता. बाहेरच्या जगास विचारावें, तर विचारण्याची वाटच अजून तयार व्हावयाची होती. पानावरील उदाहरणाची ओळ त्यानें जशीच्या तशी उचलली, क्रमांक बदलला, आणि हुकूम सोडला. ४५ सेकंद गेले; कांहीं झालें नाहीं. पुन्हां केलें, पुन्हां तेंच. त्यानें अँटेना फिरविली, सिमकार्ड पुसून घातलें, मोडेम बदलला. दोन दिवस असे गेले. दिवेलागणीला मातोश्री येऊन विचारीत, “काय रे बाळ, दिसतात का मुलं?” आणि हा मान खालीं घाली.

माझें आयुष्य मुद्रितें तपासण्यांत गेलें. संगणकाचें मला तेव्हां विशेष ज्ञान नव्हतें. परंतु दुसऱ्या रात्रीं त्याच्या शेजारीं बसून पडद्याकडे पाहतांना एक गोष्ट माझ्या डोळ्यांत सलली.

“काका, पानावरचें अक्षर न् अक्षर उतरून घेतलंय,” तो म्हणाला.

“म्हणूनच विचारतों,” मी म्हटलें. “हीं अवतरणचिन्हें अशीं वांकडीं कशीं? तुझ्या कळफलकावर तर सरळ उभें चिन्ह आहे.”

तो एकदम स्तब्ध झाला. मग त्यानें चॅटची नोंदवही उघडली. पाहतों तों अवतरणचिन्हांच्या जागीं भलतींच अक्षरें नोंदलेलीं!

उलगडा असा. मोडेम सहसा आपण होऊन बोलत नाहीं. पहिला शब्द संगणकानेंच बोलावयाचा असतो. म्हणून टिपणाच्या आरंभीं दोन सरळ अवतरणचिन्हें लागून लिहितात. त्यांच्यामध्यें कांहींच नाहीं. अर्थात् ‘कांहीं ऐकण्यासाठीं थांबूं नको, तूंच आरंभ कर.’ वांकड्या चिन्हांस चॅटच्या लेखीं असा अर्थ नाहीं. तीं त्याला साध्या अक्षरांसारखीं. त्यामुळें मोडेम तीं दोन वांकडीं चिन्हें उच्चारील म्हणून चॅट वाट पाहात होता, आणि चॅट पहिला हुकूम देईल म्हणून मोडेम वाट पाहात होता. लग्नाच्या बैठकींत ‘आधीं त्यांनीं बोलावें’ म्हणून दोन्ही पक्ष सुपारी चघळीत बसतात, तसा प्रकार. सरळ चिन्हें घालतांच एका मिनिटांत जोडणी झाली, आणि मातोश्रींना पुण्याचीं, नागपूरचीं सगळीं नातवंडें एकदम दिसलीं.

आमचें काम झालें होतें. पुतण्या सामान आवरूं लागला. मातोश्रींनीं सर्व प्रकार ऐकून घेतला होता. त्या म्हणाल्या, “चुकीची वाट दाखवणारी पाटी आपल्याला कळली, म्हणून मागच्यांसाठीं ती तशीच ठेवून जायचं का रे?” या प्रश्नाला उत्तर नव्हतें. पान दुरुस्त करण्याचें ठरलें. आणि तें करतांना त्या पानाच्या मागील व्यवस्थेची जी माहिती झाली, ती पुष्कळांस नवी वाटेल.

पानें आणि त्यांचा जुळारी

यूनिक्स पद्धतीचा आरंभ १९६९ सालीं अमेरिकेंतील न्यू जर्सी राज्यांत, मरे हिल येथील बेल प्रयोगशाळेंत, केन टॉम्प्सन व डेनिस रिची यांनीं केला. तिच्या मार्गदर्शिकेची पहिली आवृत्ति ३ नोव्हेंबर १९७१ रोजींची आहे. एकेका आज्ञेला एकेक स्वतंत्र नोंद; तींत ठराविक क्रमानें आज्ञेचें नांव, ती लिहिण्याची रीत, वर्णन, संबंधित फायली; आणि पुढें ‘दोष’ या मथळ्याखालीं आपल्याच कृतीच्या उणिवांची कबुली. ही शेवटची चाल मला फार आवडली. आपल्याकडील पुष्कळ ग्रंथकारांनीं ती उचलण्यासारखी आहे. या मार्गदर्शिकेच्या नेटकेपणाकडे डग्लस मॅक्‌इलरॉय यांनीं विशेष लक्ष पुरविलें, आणि त्या शिस्तीची छाप आजच्या पानांवरही दिसते.

पान लिहिणारा तें साध्या अक्षरांत लिहितो आणि मधून मधून सूचना घालतो: हा शब्द ठळक, येथें नवा परिच्छेद, ही ओळ आंत सरकवून. त्या सूचना पाळून मजकूर मांडणारा एक निराळा प्रोग्रॅम असतो. त्याला आपण जुळारी म्हणूं. या घराण्याचा मूळ पुरुष जेरोम साल्ट्झर यांनीं १९६४ सालीं एम-आय-टी येथें लिहिलेला ‘रनऑफ’. बेल प्रयोगशाळेंतील त्याचा वंशज ‘रॉफ’ १९७१ मध्यें तेथील पेटंट खात्याच्या टंकलेखकांच्या उपयोगीं पडूं लागला, आणि यूनिक्सला पहिलें हक्काचें गिऱ्हाईक मिळालें. पुढें जो ऑसाना यांनीं छायाक्षरजुळणीच्या यंत्राकरितां ‘ट्रॉफ’ केला. १९७७ मध्यें ऑसाना निवर्तल्यावर ब्रायन कर्निगन यांनीं त्याची पुनर्रचना केली. आणि १९९० मध्यें जेम्स क्लार्क यांनीं ‘ग्रॉफ’ हा सर्वांस मुक्त असलेला नवा जुळारी लिहिला. आजच्या बहुतेक लिनक्स संगणकांवर माहितीपानें तोच मांडतो.

आतां मुद्राराक्षस शिरतो कोठून, तें पाहूं. आम्हीं त्या पानाचा मूळ मजकूर उघडला, तेव्हां पहिलें आश्चर्य हें, कीं लेखकानें अवतरणचिन्हें सरळच लिहिलीं होतीं. लेखकाचें अक्षर चुकलें नव्हतें. जुळाऱ्यानें तें ‘सुधारलें’ होतें.

चार दोष, चार उपाय

ग्रॉफ हा सुबक छपाईच्या परंपरेंत वाढलेला. सरळ अवतरणचिन्ह दिसलें, कीं तें गोलाईदार करावयाचें, ही त्याची रीत. आणि पुस्तकाच्या छपाईंत ती योग्यच आहे. पडद्यावर माहितीपान दाखवितांना मात्र पुष्कळ वर्षें त्याला अशी सवलत दिलेली होती, कीं हीं चिन्हें सरळच राहूं दे. जुलै २०२३ मध्यें ग्रॉफची १.२३.० ही आवृत्ति निघाली. तिनें ती सवलत काढून घेतली, आणि लेखकाला जें चिन्ह हवें तें त्यानें स्पष्ट मागावें हा मूळचा नियम पुन्हां लागू केला. कांहीं वितरकांनीं आपल्यापुरती सवलत परत चालू केली, कांहींनीं केली नाहीं. त्यामुळें वर्षानुवर्षें झांकून राहिलेले दोष कांहीं संगणकांवर एकाएकीं उघडे पडले. उपाय सोपा आहे: उलटी तिरपी रेघ, उघडा कंस व ‘ए-क्यू’ हीं अक्षरें लिहिलीं, कीं जुळारी सरळ चिन्हास हात लावीत नाहीं.

दुसरा दोष आडव्या रेघेचा. कळफलकावरील लहान आडवी रेघ जुळाऱ्याला दोन शब्द जोडणारें संयोगचिन्ह वाटते, आणि तो तें छपाईचें खास चिन्ह घालतो. डोळ्यांना दोन्ही सारखींच. यंत्राच्या दृष्टीनें तीं दोन निराळीं अक्षरें. चॅटच्या टिपणांत ‘ऑगिन’, दोन आडव्या रेघा, आणि पुन्हां ‘ऑगिन’ असें लिहिलें, कीं त्याचा अर्थ: शब्द न आल्यास नुसती ‘रिटर्न’ची कळ दाबल्यासारखें कर आणि पुन्हां वाट पाहा. रेघा बदलल्या, कीं ही सारी समजूत नष्ट होते. आज्ञेच्या पुढें लिहावयाच्या पर्यायांचा आरंभही याच रेघेनें होतो. तेथेंही हाच घोंटाळा. उपाय: रेघेच्या आधीं उलटी तिरपी रेघ द्यावी.

तिसरा दोष अधिक फसवा; कारण त्यांत चूक दिसत नाहीं, मजकूरच दिसत नाहीं. ओळीच्या अगदीं आरंभीं पूर्णविरामाचें टिंब अगर सरळ अवतरणचिन्ह आलें, तर जुळारी ती ओळ मजकूर न समजतां स्वतःला दिलेला हुकूम समजतो. आणि चॅटचें उदाहरण तर त्या दोन अवतरणचिन्हांनींच सुरू होतें! हुकूम ओळखीचा नाहीं, म्हणून जुळारी चकार शब्द न काढतां सारी ओळ टाकून देतो. मुद्रित तपासणारा मूळ प्रत शेजारीं घेऊन बसला नाहीं, तर ही गळती त्याच्या लक्षांत येणें अशक्य. येथें ओळीच्या आरंभीं उलटी तिरपी रेघ व इंग्रजी ‘अँड’चें चिन्ह लिहितात, तें छापलें जात नाहीं, जागाही घेत नाहीं, परंतु पुढचें सर्व मजकूर आहे असें जुळाऱ्यास कळवितें.

चौथा दोष या सर्वांचा राजा. वरील प्रत्येक उपायांत उलटी तिरपी रेघ आली, हें चाणाक्ष वाचकांच्या ध्यानांत आलेंच असेल. जुळाऱ्याशीं गुप्तपणें बोलण्याची ती खूण आहे. दुर्दैव असें, कीं चॅटनेंही आपल्या खुणांकरितां हीच रेघ निवडली आहे. रेघेपुढें ‘डी’ असेल, तर चॅट एक सेकंद थांबतो. ‘पी’ असेल, तर सेकंदाचा दहावा भाग. ‘एस’ म्हणजे कोरी जागा. ‘सी’ म्हणजे शेवटीं ‘रिटर्न’ पाठवूं नको. आतां जुळाऱ्याच्या कोशांत याच खुणांचे अर्थ पाहा: ‘डी’ म्हणजे अर्धी ओळ खालीं सरक, ‘पी’ म्हणजे ओळ येथें तोडून पसरव, ‘एस’ म्हणजे अक्षराचा आकार बदल, ‘सी’ म्हणजे पुढची ओळ यालाच जोड. चॅटच्या खुणा समजावून देणारें पान लेखकानें सरळ लिहिलें, तर जुळारी त्या खुणा स्वतःस दिलेल्या समजून गिळून टाकतो. पानावर ‘एक सेकंद थांबतो’ हा खुलासा राहतो. थांबण्यासाठीं काय लिहावें, तें नाहीं. शब्दकोशांत अर्थ छापावे आणि शब्द गाळावे, तशी गत.

यावर पुष्कळ जुने लेखक रेघ दोनदां लिहीत. साध्या मजकुरांत तें चालतें. परंतु ठळक छपाईच्या सूचनेबरोबर शब्द दिला, तर जुळारी तो दोनदां वाचतो. पहिल्या वाचनांत एक रेघ गळते, दुसऱ्या वाचनांत उरलेली रेघ खूण ठरते, आणि पहिले पाढे पंचावन्न! खात्रीचा मार्ग म्हणजे रेघेपुढें ‘ई’ लिहिणें. त्याचा अर्थच ‘येथें रेघ छाप’ असा आहे.

दुरुस्ती आणि तिची पाठवणी

मुद्रितशोधनाच्या धंद्यांतील पहिला धडा हा, कीं एक चूक काढतांना दुसरी घालूं नये. तो येथेंही खरा ठरला. जुळाऱ्याला ज्या ज्या ठिकाणीं शंका येईल, तें सर्व बोलून दाखव, असें सांगतां येतें. एरवीं तो अबोल असतो. त्याच्या शंकांची यादी घेऊन आम्हीं पान ओळीओळीनें तपासलें. मग दुरुस्तीपूर्वींचें व नंतरचें अशीं दोन्ही मांडलेलीं पानें शेजारीं ठेवून, हवें तेवढेंच बदललें आहे ना, याची खात्री केली. सरसकट सगळीं चिन्हें बदलण्याचा मोह पुतण्याला झाला होता. परंतु इंग्रजी वाक्यांतील खरीं अवतरणचिन्हें व खरीं संयोगचिन्हें वांकडीं, छपाईचींच, राहिलीं पाहिजेत. कोणतें चिन्ह मनुष्यानें वाचावयाचें व कोणतें यंत्राला द्यावयाचें, हें प्रत्येक ठिकाणीं अर्थ पाहूनच ठरवावें लागतें. तीन संध्याकाळ यांत गेल्या.

पाठवणीचीही एक नेटकी रीत आहे. सारें पान पाठवावयाचें नसतें. केवळ फरक पाठवावयाचा. जुनी ओळ वजाबाकीच्या चिन्हानें, नवी ओळ बेरजेच्या चिन्हानें. असा फरक काढणारा ‘डिफ’ हा प्रोग्रॅम १९७४ पासून यूनिक्समध्यें आहे, आणि त्याच्या कर्त्यांत वर उल्लेखिलेले मॅक्‌इलरॉयच आहेत. तो फरक मूळ प्रतींत बसवून देणारा ‘पॅच’ हा प्रोग्रॅम लॅरी वॉल यांनीं १९८५ मध्यें लिहिला. या दोघांमुळें जगाच्या कोणत्याही कोंपऱ्यांतील मनुष्य दुसऱ्या कोंपऱ्यांतील प्रत सुधारूं शकतो.

आठवड्यानें उत्तर आलें. आभार मानले होते, आणि एक सूचना होती: चार प्रकारचे दोष एका फरकांत मिसळूं नयेत; चार निरनिराळे फरक करून, प्रत्येकासोबत कारण लिहून पाठवावे. पुतण्या किंचित् हिरमुसला. मला मात्र संतोष झाला. आपलें मुद्रित इतक्या बारकाईनें पाहणारा संपादक समुद्रापलीकडे आहे, याचा हा पुरावाच होता. त्यानें तसें करून पाठविलें, आणि तें स्वीकारलें गेलें.

हें काम किती लहान, याची मला जाणीव आहे. कांहीं तिरपे फटकारे, कांहीं अक्षरें. कोणाचें नांव होण्यासारखें यांत कांहीं नाहीं. परंतु तें पान कोण उघडतो, याचा विचार करावा. ज्याची जोडणी झालेली नाहीं, तोच तें उघडतो. त्याला त्या घटकेस विचारावयास दुसरें कोणी नसतें. समोरचें पान हाच त्याचा गुरु, आणि पानानें जें अक्षर दाखविलें तेंच तो यंत्रास देणार. पान खोटें निघालें, तर तो स्वतःस अडाणी समजतो, यंत्रास दोष देतो, अँटेना फिरवीत बसतो. पानावर संशय घेण्याचें त्याच्या मनांत येत नाहीं. आमचाही तोच अनुभव होता.

असो. मातोश्रींकडे आतां रोज सायंकाळीं शुभंकरोति झालें, कीं जोडणी होते. परवां त्यांनीं पुतण्याला सहज विचारलें, “तुझी ती पाटी सरळ झाली का रे?” तो म्हणाला, “झाली, आजी.” “बरं झालं,” त्या म्हणाल्या, आणि धाकट्या नातीला पुढें बोलाविण्यास सांगूं लागल्या.